प्रश्न तुमचे : शायरबर्नांचं घर आणि समुद्रापलीकडची शाळा

मार्चच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्टचा ओझरता उल्लेख केला होता. जुन्या जमीनदाराच्या घरात दोनशेहून जास्त वर्षं येशूसंघाच्या (जेझुइट) फादरांचं कॉलेज भरतंय, एवढंच तेव्हा लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि प्रश्न इतके नेमके होते, की हा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. माझं बालपण वसईत गेलं आणि पुढची सगळी वर्षं इतिहास शिकवण्यात, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आधीच सांगते, पहिल्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे.

प्रश्न : माझी मुलगी प्रेस्टनला असते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी आम्हाला स्टोनीहर्स्ट दाखवलं. दोन बाजूंना लांबच लांब तळी, मधून सरळ रस्ता आणि समोर गरुड बसवलेले दोन मनोरे. आम्हाला तर तो राजवाडाच वाटला. हे घर मुळात कोणाचं? फादरांनी ते विकत घेतलं, की कोणी दान दिलं? (एक वाचक, नागपूर)

घर शायरबर्न घराण्याचं. लँकाशायरमध्ये रिबल आणि हॉडर या नद्यांच्या दुआबात, हर्स्ट ग्रीन गावाला लागून त्यांची जमीन होती. आज दिसतं त्या घराचं बांधकाम सर रिचर्ड शायरबर्नने १५९२ साली सुरू केलं आणि दोनच वर्षांत तो वारला. काम मुलाने पुढे नेलं, पण ठरवलेला आराखडा कधीच पुरा झाला नाही. तुम्ही ज्या दरवाजातून आत गेलात तो आठवून पाहा. मजल्यावर मजला चढत जातो तसे दोन्ही बाजूंचे जोडखांब बदलत जातात. तळाला साधे, जाडजूड, आणि वर जावं तसे अधिक नाजूक, अधिक नक्षीचे. ग्रीक-रोमन खांबांच्या सगळ्या तऱ्हा एका भिंतीवर क्रमाने रचल्या आहेत. मी बराच वेळ मान वर करून तेच पाहत उभी होते. इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या जमीनदाराला आपल्या दारावर हे हवं होतं, यावरून त्याची ऐपत कळते आणि हौसही.

पण हा माणूस मोठ्या पेचात जगत होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं होतं. रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये हजर राहणं सक्तीचं होतं आणि १५८१ पासून गैरहजेरीला महिन्याला २० पौंड दंड होता. त्या काळात ही रक्कम भल्या घरालाही धुऊन नेणारी होती. रिचर्ड सरकारी पदांवर होता, चर्चमध्येही जायचा. त्याच्याविरुद्ध नोंदलेली तक्रार मात्र वाचण्यासारखी आहे : तो आणि त्याच्या घरचे चर्चमध्ये येतात, पण प्रवचन ऐकू येऊ नये म्हणून कानांत लोकर कोंबून बसतात! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मग मी विचारायची, तुमच्यावर अशी वेळ आली तर काय कराल? वर्ग शांत व्हायचा.

आता दुसरी हकीगत. घराचा पाया १५९२ मध्ये पडला आणि १५९३ मध्ये खाडीपलीकडे, आज फ्रान्समध्ये असलेल्या सेंत-ओमेर गावात, रॉबर्ट पर्सन्स नावाच्या इंग्रज येशूसंघीय फादरने इंग्रज मुलांसाठी एक शाळा काढली. कॅथलिक आईबापांना स्वतःच्या देशात मुलांना स्वतःच्या धर्माचं शिक्षण देण्याची सोय उरली नव्हती. येशूसंघाचा धर्मगुरू इंग्लंडमध्ये सापडला तर १५८५ च्या कायद्याने तो राजद्रोह होता. मुलाला परदेशी अशा शाळेत धाडणं हाही गुन्हा. तरीही पोरं जात होती. खोट्या नावाने, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, वर्षानुवर्षं. पुढे शतकभराने, विल्यम राजाच्या कारकिर्दीत, कॅथलिक माणसाने शाळा चालवल्यास जन्मठेप आणि फादर पकडून देणाऱ्याला १०० पौंड बक्षीस, इतकं कडक झालं. म्हणजे घर लँकाशायरमध्ये, शाळा समुद्रापलीकडे, आणि दोन्हीकडची माणसं एकाच समाजाची. हे धरून ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

घराकडे परत येऊ. शायरबर्नांचा शेवटचा मोठा धनी सर निकोलस. तुम्ही पाहिलेली तळी त्याची, तो सरळ रस्ता त्याचा, बागा त्याच्या, आणि १७१२ च्या सुमारास मनोऱ्यांवर घुमट आणि गरुड त्यानेच चढवले. गावातल्या गरिबांना त्याने लोकर कातायला लावून धंद्याला लावलं, म्हाताऱ्यांसाठी धर्मशाळेसारखी घरं बांधली. ती डोंगरावर होती. विसाव्या शतकात दगड सोडवून खाली हर्स्ट ग्रीनमध्ये पुन्हा उभी केली. जावयांनी दाखवली नसतील तर पुढच्या खेपेला आवर्जून बघा. अंगण, पायऱ्या, दगडात कोरलेलं घराण्याचं चिन्ह.

निकोलसचा एकुलता मुलगा रिचर्ड फ्रान्सिस १७०२ साली नऊ वर्षांचा असताना गेला. राहिली मुलगी मेरी. तिचं लग्न नॉरफोकच्या ड्यूकशी झालं. इंग्लंडच्या कॅथलिक उमरावांत सगळ्यांत वरचं घराणं ते. तिलाही मूलबाळ झालं नाही. १७५४ मध्ये ती वारली आणि सगळं गेलं निकोलसच्या बहिणीच्या सासरी, म्हणजे दूर दक्षिणेला डॉर्सेटमधल्या लुलवर्थच्या वेल्ड घराण्याकडे.

हे वारसाचं जाळं कंटाळवाणं वाटेल, पण त्यात कायद्याचा हात आहे. कॅथलिकांना संसदेत बसता येत नव्हतं, सरकारी हुद्दे बंद, जमिनीवर दुप्पट कर. घराण्याची पत राखायची तर सोयरिक आपल्यातच करायची. शंभर-दीडशे वर्षं अशी आपसात लग्नं झाल्यावर एकेक वंश खुंटत गेला तशी त्यांची घरं उरलेल्या मोजक्या घराण्यांकडे साठत गेली. वेल्डांना राहायला लुलवर्थचा गढीवजा वाडा होताच. तिकडे शेकडो मैलांवरच्या पावसाळी खोऱ्यातलं दुसरं मोठं घर त्यांना काय कामाचं? स्टोनीहर्स्टला जवळजवळ चाळीस वर्षं धनी राहिलाच नाही. छपरं गळायला लागली.

आणि शाळा? तिच्याही पायाखाली जमीन राहत नव्हती. १७६२ मध्ये फ्रान्समधल्या न्यायसभेने येशूसंघाच्या संस्था बंद करायला घेतल्या, तेव्हा सेंत-ओमेरच्या फादरांनी मुलांना सहलीला नेतो असं दाखवून गावाबाहेर काढलं आणि सरहद्द ओलांडून ब्रूजला नेलं. एक अख्खी शाळा रिकामी झाली आणि अधिकाऱ्यांच्या हाती भिंती उरल्या. १७७३ मध्ये ब्रूजही सुटलं. मग लिएज. १७९४ च्या उन्हाळ्यात फ्रेंच क्रांतीच्या फौजा लिएजवर चालून आल्या, आणि आता जायचं कुठे हा प्रश्न पडला.

यावेळेपर्यंत इंग्लंडमधले कायदे सैल झाले होते. १७७८ मध्ये थोडे आणि १७९१ मध्ये बरेच. राजनिष्ठेची शपथ घेतली तर उघड मिस्सा (कॅथलिक उपासना) करता येत होता, शाळाही काढता येत होती. वेल्ड घराण्याचा त्यावेळचा कर्ता टॉमस वेल्ड हा याच शाळेचा, ती परदेशात असतानाचा, विद्यार्थी. त्याने आपल्या गुरुजनांना स्टोनीहर्स्टचं घर आणि भोवतीची जमीन देऊ केली. फादर आणि मुलं म्यूज नदीतून होड्यांनी हॉलंडकडे आली, तिथून समुद्र ओलांडून इंग्लंडला, आणि २९ ऑगस्ट १७९४ रोजी पहिली तुकडी त्या मनोऱ्यांखालून आत शिरली.

तेव्हा विकत घेतलं की दान मिळालं, याचं सरळ उत्तर दान असंच आहे. पण श्रीमंताने जास्तीचं घर पुण्य म्हणून देऊन टाकलं, असं कोणी मांडलं तर मला ते पटत नाही. ज्या कायद्यांनी शाळेला दोनशे वर्षं परदेशात ठेवलं, त्याच कायद्यांनी ते घर एका मोकळ्या हाताच्या कॅथलिक घराण्याकडे आणून सोडलं होतं. सेंत-ओमेरच्या बाकांवर बसलेली पोरं अशाच घरांतून गेली होती. त्यांनी परत यायचं तर ते अशाच घरी.

टॉमस वेल्डबद्दल आणखी थोडं, कारण हा माणूस मला आवडतो. त्याने लुलवर्थला १७८६ मध्ये कॅथलिक प्रार्थनामंदिर बांधलं, तेव्हा राजाने म्हणे एकच अट घातली, की ते बाहेरून चर्चसारखं दिसता कामा नये. म्हणून ते गोल घुमटाच्या समाधीसारखं दिसतं. त्याला पंधरा मुलं झाली. थोरला पुढे कार्डिनल झाला आणि आणखी एक मुलगा येशूसंघात जाऊन बापाने दिलेल्या याच घरात, स्टोनीहर्स्टचा रेक्टर, म्हणजे प्रमुख.

प्रश्न : पोपनेच १७७३ साली येशूसंघ बरखास्त केला होता. मग १७९४ मध्ये स्टोनीहर्स्ट 'येशूसंघाचं' कसं? आणि आमच्या गोव्यातल्या राशोलशी याचा काही संबंध आहे का? (एक वाचक, मडगाव)

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. चौदाव्या क्लेमेंट पोपमहोदयांनी २१ जुलै १७७३ च्या आज्ञापत्राने संघ बरखास्त केला. पोर्तुगाल, फ्रान्स आणि स्पेनच्या राजदरबारांनी त्याआधी बरीच वर्षं तगादा लावलेला होता. गोव्यात तर पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या हुकमाने १७५९ मध्येच फादरांना पकडून बाहेर काढलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लिएजला जी शाळा चालली ती कागदोपत्री तिथल्या राजबिशपच्या छत्राखालची अकादमी होती. शिकवणारे मात्र तेच जुने फादर. फक्त आता ते येशूसंघाचे नव्हते, साधे धर्मगुरू होते. १७९४ मध्ये स्टोनीहर्स्टला जे आले तेही असेच. पण आज्ञापत्र जिथे अधिकृतपणे जाहीर होईल तिथेच ते लागू होतं, आणि रशियाच्या कॅथरीन राणीने ते आपल्या राज्यात जाहीर होऊ दिलं नाही, कारण तिला तिथल्या येशूसंघाच्या शाळा हव्या होत्या. त्यामुळे पांढऱ्या रशियात, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये, संघ जिवंत राहिला. १८०३ मध्ये पोपच्या संमतीने इंग्लंडमधले हे जुने फादर त्या रशियातल्या संघाला जोडले गेले. त्याच वर्षी स्टोनीहर्स्टपासून जवळच, हॉडर नदीच्या काठावरच्या घरात, नवशिक्यांचं आश्रमघर सुरू झालं. पुढे १८१४ मध्ये सातव्या पायस पोपमहोदयांनी संघ सगळीकडे पुन्हा सुरू केला. म्हणजे तुमची शंका रास्त आहे. पहिली नऊ वर्षं ते घर नावाने येशूसंघाचं नव्हतंच.

राशोलचं, म्हणजे साष्टीतल्या येशूसंघाच्या जुन्या कॉलेजचं विचारलंत. संस्था म्हणून दोघांचा थेट संबंध नाही. पण एका माणसामुळे दोन्ही कथा शेजारी येतात. विल्टशायरमध्ये जन्मलेला टॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन्स, याच छळाच्या दिवसांत इंग्लंड सोडून रोमला येशूसंघात गेला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. एडमंड कॅम्पियन त्याच पिढीचा इंग्रज येशूसंघीय. तो इंग्लंडला परतला आणि १५८१ मध्ये लंडनला फासावर गेला. त्याला ज्या दोरीने बांधलं होतं ती स्टोनीहर्स्टच्या संग्रहात जपलेली आहे. एकाने मायदेशी मरण पत्करलं. दुसऱ्याने गोव्यातल्या साष्टीत चाळीस वर्षं काढली, कोकणी आणि मराठी आत्मसात केली आणि त्याचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. इंग्रज माणसाची मराठी काव्यरचना हे आपल्याकडे नवल म्हणून सांगतात, पण तो इथे का आला हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या देशात त्याला जागा ठेवलेली नव्हती.

आणि एक दुवा आमच्या मुंबईचा. पहिल्या महायुद्धात मुंबईतल्या जर्मन येशूसंघीयांना ब्रिटिश सरकारने कैदेत टाकलं, मायदेशी धाडलं. सेंट झेवियर्स कॉलेज सांभाळायला इंग्रज फादर आले. त्यांतले अल्बन गुडियर १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. त्यांचा जन्म स्टोनीहर्स्टपासून थोड्याच मैलांवरच्या ग्रेट हारवुडचा आणि शिक्षण स्टोनीहर्स्टलाच.

प्रश्न : क्रॉमवेल लढाईच्या आदल्या रात्री स्टोनीहर्स्टमध्ये जेवणाच्या टेबलावर झोपला होता आणि त्या घरातला मुलगा विषारी फळं खाऊन मेला, असं वाचलं. खरं आहे का? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, सातारा)

बाळ, दोन्ही गोष्टींत थोडं खरं आणि थोडं परंपरेने आलेलं आहे. ते वेगळं करायला शीक, इतिहासात हेच महत्त्वाचं.

ऑगस्ट १६४८ मध्ये प्रेस्टनच्या लढाईआधी, राजाविरुद्ध लढणाऱ्या संसदेचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेचा तळ स्टोनीहर्स्टच्या घराजवळच्या शेतात पडला होता. हे पक्कं, कारण लढाईनंतर पाठवलेल्या पत्रात क्रॉमवेलने स्वतः घराचं आणि मालकाचं नाव लिहिलं आहे. तो टेबलावर झोपला ही मात्र तिथली सांगोवांगी. ते ओक लाकडाचं लांबलचक टेबल तिथे अजून जपलेलं आहे. आता तूच विचार कर. कट्टर प्रॉटेस्टंट सेनापती, घर कॅथलिकाचं, उद्या लढाई. आतल्या एखाद्या खोलीत गादीवर न निजता मोकळ्या दिवाणखान्याच्या मध्यभागी आडवं होण्याइतका तो सावध असेल, हे लोकांना पटलं म्हणून गोष्ट टिकली.

मुलाचं म्हणशील तर रिचर्ड फ्रान्सिस नऊ वर्षांचा होऊन १७०२ मध्ये गेला, हे नक्की. यू नावाच्या झाडाची फळं खाल्ल्याने गेला, असं मागाहून सांगत आले. यू हे सूचिपर्णी झाड. त्याच्या लाल फळाचा गर विषारी नसतो, पण आतली बी आणि पानं जहाल विषारी असतात. तेव्हा घडणं शक्य आहे, एवढंच म्हणता येईल. त्याचं संगमरवरी स्मारक मिटन गावाच्या चर्चमध्ये आहे.

प्रश्न : धार्मिक कॉलेज म्हणजे प्रार्थना आणि धर्मग्रंथ एवढंच असणार. तिथे विज्ञानाला जागा होती का? मी स्वतः विज्ञान शिकवतो. (एक वाचक, जळगाव)

होती, आणि भरपूर होती. १८११ मध्ये या घरात गॅसचे दिवे लागले, तेव्हा लंडनचे रस्तेसुद्धा बहुतांश तेलाच्या दिव्यांवर होते. १८३८ मध्ये बागेत वेधशाळा उभी राहिली. रोममधून परागंदा व्हावं लागलेले फादर अँजेलो सेक्की १८४८ मध्ये काही काळ इथे राहून गेले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट पाहून त्यांची वर्गवारी करणारे ते हेच. फादर स्टीफन पेरी हे इथल्या वेधशाळेचे प्रमुख. सूर्याचा अभ्यास हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १८७४ चं शुक्राचं अधिक्रमण पाहायला ते दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटावर गेले होते. डिसेंबर १८८९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर खग्रास ग्रहणाचे वेध घेताना त्यांना आमांश झाला होता. अंगात त्राण नसताना त्यांनी निरीक्षण पुरं केलं आणि पाच दिवसांनी जहाजावरच प्राण सोडला. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी ही हकीगत आहे, जरूर सांगा.

चार्ल्स वॉटरटन १७९६ मध्ये इथे शिकायला आला. रानात भटकायचं वेड कशानेच जाईना, तेव्हा फादरांनी त्याला शाळेचा उंदीर पकडणारा नेमून टाकलं. पुढे दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत फिरणारा मोठा निसर्ग-अभ्यासक झाला आणि आपल्या यॉर्कशायरमधल्या इस्टेटीभोवती उंच भिंत घालून त्याने पक्ष्यांना शिकाऱ्यांपासून अभय दिलं. मुलाचा स्वभाव मोडायचा नाही, त्याला काम द्यायचं, हे त्या फादरांना जमलं म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. सगळ्यांच्या आठवणी अशा गोड नाहीत. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल १८७५ पर्यंत इथे होता आणि तिथल्या मारकुट्या शिस्तीबद्दल त्याने पुढे कडवटपणे लिहिलं. त्याच्या वेळी शाळेत मोरियार्टी आडनावाची मुलं होती, हे होम्सच्या चाहत्यांसाठी.

आणि 'कॉलेज' या शब्दामागेही कारण आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये धर्माच्या अटी होत्या, त्या १८७१ मध्ये सुटल्या. त्या काळात कॅथलिक मुलाला तिथून पदवी घेणं अवघड. म्हणून स्टोनीहर्स्ट १८४० मध्ये लंडन विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि शाळा संपलेली मोठी मुलंही तिथेच राहून पदवीचा अभ्यास करू लागली. शेजारीच १८३० पासून सेंट मेरीज हॉलमध्ये होऊ घातलेले फादर तत्त्वज्ञान शिकत. कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्सही त्यांतला एक.

प्रश्न : सेंट मेरीज हॉलचं ते धार्मिक कॉलेज पुढे बंद पडलं का? अशा घरांचं शेवटी होतं काय? आमच्या घराण्याचा जुना वाडा एका संस्थेला द्यायचं घाटतंय, म्हणून विचारते. (एक वाचक, वाई)

बंद पडलं नाही, हललं. १९२६ मध्ये ते ऑक्सफर्डशायरमधल्या हीथ्रॉपला गेलं, आणि हीथ्रॉप हेही मुळात उमरावाचं घरच. श्रूजबरीचा ड्यूक चार्ल्स टॅलबट याने १७०६ च्या सुमारास टॉमस आर्चर या वास्तुविशारदाकडून ते बांधायला घेतलं. हा ड्यूक जन्माने कॅथलिक, पुढे प्रॉटेस्टंट झालेला. त्याच्यामागे सरदारकी ज्या चुलतभावाकडे गेली तो गिल्बर्ट टॅलबट चक्क येशूसंघाचा फादर होता! १८३१ मध्ये घर जळालं आणि जवळजवळ चाळीस वर्षं भिंती तशाच उभ्या. मग रेल्वेचे ठेकेदार टॉमस ब्रॅसी यांनी ते आपल्या मुलासाठी, अल्बर्टसाठी, घेतलं आणि आल्फ्रेड वॉटरहाउसकडून आतून नव्याने बांधून काढलं. अल्बर्टच्या मृत्यूनंतर विसाच्या दशकात ते येशूसंघाकडे आलं.

चव्वेचाळीस वर्षं तिथे फादर घडले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा मोठा इतिहास लिहिणारे फ्रेडरिक कोपलस्टन तिथले अध्यापक. मग १९७० मध्ये कॉलेज लंडनला गेलं, विद्यापीठाचा भाग झालं, आणि २०१८ मध्ये शिकवणं थांबलं. मागे राहिलेलं घर आधी एका बँकेचं प्रशिक्षण केंद्र झालं, नंतर हॉटेल.

दोन्ही घरं सारख्याच हातांत गेली, पण स्टोनीहर्स्टमध्ये कॉलेज टिकलं आणि हीथ्रॉपमधून निघून गेलं. माझ्या मते याचं कारण सोपं आहे. हीथ्रॉपला फक्त फादर होऊ इच्छिणारे तरुण राहत. त्यांची संख्या घटली, खेड्यात एकटं राहून शिकण्यापेक्षा विद्यापीठाजवळ असावं असं वाटू लागलं, आणि घराशी बांधून ठेवणारं काही उरलं नाही. स्टोनीहर्स्टला गावातली, देशातली, परदेशातली मुलं येत राहिली. १९९९ पासून मुलीही आल्या. सेंट मेरीज हॉलमध्ये आज लहान मुलांची शाळा भरते. शिवाय फादरांनी ते घर जसंच्या तसं जपायचा हट्ट धरला नाही. १८३५ मध्ये मोठं चर्च बांधलं, १८७७ पासून दक्षिणेकडची प्रचंड नवी इमारत उठवताना जुना बराच भाग पाडला. वास्तूच्या अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते, मलाही वाटते. पण त्या पाडापाडीमुळेच उरलेलं दार, दिवाणखाना आणि मनोरे वापरात राहिले.

वाड्याचं म्हणाल तर संस्थेला देण्याआधी इतकं विचारा : तिथे रोज कोण येणार, किती जण येणार, आणि संस्थेला उद्या दुसरी जागा मिळाली तर वाडा कोणाकडे परत येईल? हे तिसरं दानपत्रात लिहूनच घ्या. कौलं, वासे आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी कोणी करायची हेही लिहा, आणि कोणता भाग हलवायचा-पाडायचा नाही त्याचा नकाशा जोडा. वकील तुमच्या गावात चांगले मिळतील. वाड्याची मोजणी आणि फोटो मात्र ताबा देण्याआधी पुरे करून घ्या.